पडद्यावरचे गणित आणि वहीतले गणित : गणित-अध्यापनातील ऑनलाइन साधनांचा चिकित्सक विचार

प्रस्तावना

गणिताच्या अध्यापनात साधनांचा वापर ही नवी गोष्ट नाही. फळा आणि खडू, कंपासपेटी, आलेख-कागद, लॉगटेबलाची पुस्तिका ही सर्व साधनेच होत. ती इतकी अंगवळणी पडली की त्यांचे साधनपण आपण विसरलो. संगणक व आंतरजाल यांच्या बाबतीत मात्र तसे अजून झालेले नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि एरवी आंतरजालापासून चार हात दूर राहणाऱ्या अध्यापकांनाही पडद्यासमोर बसून शिकवावे लागले. तेव्हापासून उद्बोधन वर्गांत आणि कार्यशाळांत ‘उपयुक्त संकेतस्थळे’ या शीर्षकाखाली याद्या वाटल्या जाऊ लागल्या. नॅकच्या स्वयं-अध्ययन अहवालातही माहिती-तंत्रज्ञानाच्या साधनांचा वापर हा मुद्दा असल्याने या याद्यांना आणखी महत्त्व आले.

याद्या उपयोगी असतात; परंतु यादी म्हणजे समीक्षा नव्हे. पुस्तकाचे परीक्षण करताना आपण त्याचे गुणदोष पाहतो, ते कोणासाठी आहे हे विचारतो, त्यातील चुका दाखवतो. साधनांच्या बाबतीत ही चिकित्सा क्वचितच होते. प्रस्तुत लेखात गणिताच्या अध्यापकांना परिचित असलेली काही निवडक साधने घेऊन त्यांचा असा विचार करण्याचा प्रयत्न केला आहे.

मूल्यमापनाचे निकष

कोणतेही साधन पारखताना पुढील तीन प्रश्न विचारावेत, असे प्रस्तुत लेखकास वाटते. पहिला : हे साधन वापरल्यानंतर विद्यार्थ्यासाठी विचाराचे कोणते काम शिल्लक राहते? दुसरा : साधनाने दाखवलेली गोष्ट अपुरी किंवा दिशाभूल करणारी असेल, तर ते विद्यार्थ्याच्या लक्षात येण्याची काही वाट आहे काय? तिसरा : हे साधन आपल्या भाषेत, आपल्या महाविद्यालयात आणि आणखी दहा वर्षांनीही हाताशी असेल काय? साधन किती आकर्षक आहे हा प्रश्न या तिन्हींत मुद्दामच घेतलेला नाही. आकर्षण पहिल्या आठवड्यात ओसरते. उरते ते काम.

जिओजेब्रा : पाहणे आणि सिद्ध करणे

जिओजेब्रा ही प्रणाली मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये ऑस्ट्रियातील साल्झबुर्ग विद्यापीठात विद्यार्थी असताना विकसित करण्यास प्रारंभ केला. भूमिती आणि बीजगणित एकाच पडद्यावर आणणे हा तिचा हेतू तिच्या नावातच आहे. आकृती ओढली की समीकरण बदलते, समीकरण बदलले की आकृती बदलते. ती संगणकावर उतरवून घेतली तर आंतरजालाशिवायही चालते, ही ग्रामीण महाविद्यालयांच्या दृष्टीने लहान बाब नव्हे.

या साधनाचे बळ एका उदाहरणाने स्पष्ट होईल. कोणताही चौकोन काढावा व त्याच्या चारही बाजूंचे मध्यबिंदू क्रमाने जोडावेत. समांतरभुज चौकोन मिळतो. फ्रेंच गणिती व्हारिन्यों यांचे हे प्रमेय १७३१ मध्ये प्रकाशित झाले. फळ्यावर आपण एक किंवा दोन चौकोन काढू शकतो. जिओजेब्रामध्ये शिरोबिंदू ओढून चौकोन आतल्या बाजूस दुमडता येतो, त्याच्या बाजू एकमेकींना छेदतील असाही करता येतो. तरीही मध्यबिंदूंचा समांतरभुज चौकोन टिकून राहतो. वर्गात या क्षणी जे आश्चर्य उमटते ते खरे असते आणि त्याचे मोल कमी लेखता येणार नाही.

परंतु अडचण येथेच सुरू होते. हेच प्रमेय दाखवल्यानंतर द्वितीय वर्षाच्या वर्गातील एका विद्यार्थ्याने प्रस्तुत लेखकास विचारले होते, “सर, दिसतंय ना ते! मग सिद्ध कशाला करायचं?” प्रश्न उद्धट नव्हता, प्रामाणिक होता, आणि त्याला परीक्षेचे कारण पुढे करून गप्प करणे हे अध्यापकाला शोभणारे नव्हते. खरे उत्तर असे की, पडद्यावर आपण कितीही वेळा बिंदू ओढला तरी मोजकीच उदाहरणे पाहतो. आणि ते सर्वत्र खरे असले तरी का खरे आहे हे ओढण्याने कळत नाही. चौकोनाचा कर्ण काढला, की दोन त्रिकोण मिळतात. इयत्ता नववीत शिकलेल्या मध्यबिंदूच्या प्रमेयानुसार समोरासमोरचे दोन्ही रेषाखंड त्या कर्णाला समांतर व त्याच्या निम्मे असतात. एवढ्यात सिद्धता संपते. ज्या कर्णामुळे सर्व उलगडा होतो, तो पडद्यावर नव्हताच; तो विद्यार्थ्याने काढावयाचा आहे. साधनाने शिल्लक ठेवलेले काम ते हेच, आणि अध्यापकाने ते जपले पाहिजे.

दुसऱ्या निकषावरही जिओजेब्रा उपयोगी ठरते, मात्र अध्यापक सावध असेल तर. त्रिकोणाच्या कोनांची मापे दोन दशांश स्थळांपर्यंत दाखवण्यास सांगितले आणि प्रत्यक्ष कोन ३३.३३४, ६६.६६४ व ८०.००२ अंश असतील, तर पडद्यावर ३३.३३, ६६.६६ आणि ८०.०० दिसतील. बेरीज १७९.९९! विद्यार्थ्याने ही बेरीज करून पाहिली तर वर्गात खळबळ उडते. पुष्कळदा अध्यापक “यंत्राची किरकोळ चूक” म्हणून ती टाळतात. वास्तविक मोजमाप आणि सिद्धता यांतील अंतर समजावून देण्याची याहून चांगली संधी मिळणार नाही. मोजून मिळणारे १८० हे नेहमीच ‘सुमारे १८०’ असते. सिद्धतेतून मिळणारे १८० मात्र नेमके असते.

डेसमॉस : चौकटीबाहेरचा आलेख

डेसमॉस हे आलेख काढण्याचे साधन ईलाय लुबेरॉफ यांच्या पुढाकाराने २०११ पासून उपलब्ध झाले. मोबाईलवर ते सहज चालते, शिकण्यास फारसा वेळ लागत नाही आणि स्लायडर सरकवून सहगुणकांचा आलेखावरील परिणाम तत्काळ पाहता येतो. परवलयाच्या समीकरणातील एकेक सहगुणक बदलून पाहणे हा प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी उत्तम पाठ होऊ शकतो.

तथापि आलेख नेहमी एका चौकटीत दिसतो आणि चौकटीबाहेर काय आहे हे चौकट सांगत नाही. धन संख्यांपुरता विचार करून दोन फले घेऊ : २ चा क्ष घात आणि क्ष चा १० वा घात. क्ष ची किंमत १ च्या किंचित पुढे गेली की दुसरे फल पहिल्याच्या वर चढते. उणे १० ते अधिक १० या नेहमीच्या चौकटीत ते इतक्या झपाट्याने वर जाते की पहिले फल त्याच्या तुलनेत फार मंद वाढताना दिसते. ‘मोठे फल कोणते?’ असे विचारले तर वर्ग एका आवाजात दुसऱ्याचे नाव घेतो. प्रत्यक्षात क्ष ची किंमत ५८ असेपर्यंत दुसरे फल मोठे असते. ५९ ला मात्र पहिले फल त्याला मागे टाकते आणि मग कायमचे पुढे राहते. हे पाहण्यासाठी चौकट कोठे न्यावी, उभ्या अक्षावर किती मोठ्या संख्या घ्याव्यात, हे ज्याला आधीच ठाऊक आहे त्यालाच ते पडद्यावर दिसेल. ज्याला ठाऊक नाही त्याला लॉगरिदम घेऊन वहीत आकडेमोड करावी लागेल. म्हणजे येथे वही पडद्याला वाट दाखवते.

असेच दुसरे उदाहरण म्हणजे (क्ष वर्ग वजा १) भागिले (क्ष वजा १) हे फल. त्याचा आलेख सरळ रेषा दिसतो; क्ष = १ येथे ते फल व्याख्यातच नाही हे वरवर पाहणाऱ्याच्या नजरेस पडत नाही. सीमा आणि सांतत्य या संकल्पना ज्या एका बिंदूभोवती उभ्या आहेत, तो बिंदूच चित्रात हरवतो. म्हणून डेसमॉसचा वापर आधी भाकीत, मग आलेख आणि शेवटी स्पष्टीकरण या क्रमाने करावा. विद्यार्थ्याने आलेखाचे कच्चे रेखाटन वहीत केल्याशिवाय पडदा उघडू नये, एवढा साधा नियमही पुरेसा परिणाम घडवतो.

उत्तर देणारी यंत्रे

वुल्फ्रम-अल्फा हे संकेतस्थळ मे २००९ मध्ये सुरू झाले. १९८८ पासून प्रचलित असलेल्या मॅथेमॅटिका या प्रणालीचे सामर्थ्य त्यामागे आहे. प्रश्न टंकलिखित केला की उत्तर येते; पायऱ्यापायऱ्यांनी केलेली संपूर्ण उकल हवी असल्यास शुल्क भरावे लागते. पहिल्या निकषावर हे साधन सर्वांत अवघड ठरते, कारण आपण आजवर गृहपाठात जे विचारत आलो, ते जवळजवळ सर्व काम ते स्वतःच करते.

या साधनाच्या उत्तरांना स्वतःची गृहीतके असतात. १/क्ष चे संकलन विचारल्यास उत्तरात लॉग क्ष येते. आपल्या पाठ्यपुस्तकातील केवलमूल्याचे चिन्ह त्यात नसते, कारण तेथे लॉगरिदम संमिश्र संख्यांच्या संदर्भात घेतलेला असतो. उणे ८ चा एक-तृतीयांश घात विचारल्यास उणे २ ऐवजी प्रमुख मूळ म्हणून एक संमिश्र संख्या पुढे येते. उत्तरे चूक नाहीत. संदर्भ वेगळा आहे. परंतु ज्याने संदर्भ ओळखण्याचे शिक्षण घेतलेले नाही, तो विद्यार्थी एकतर पुस्तकावरचा विश्वास गमावतो किंवा यंत्रावरचा.

यावर बंदी हा उपाय नव्हे. प्रश्न बदलणे हा उपाय होय. ‘२ साइन क्ष कोसाइन क्ष याचे संकलन करा’ हा प्रश्न आता निरर्थक झाला आहे. त्याऐवजी असे विचारता येईल : एका विद्यार्थ्याचे उत्तर साइन वर्ग क्ष, दुसऱ्याचे ऋण कोसाइन वर्ग क्ष आणि तिसऱ्याचे ऋण अर्धा कोसाइन २क्ष असे आले, यांपैकी बरोबर कोण? तिन्ही उत्तरे बरोबर आहेत, कारण त्यांच्यातील फरक केवळ स्थिरांकाचा आहे. संकलनाच्या स्थिरांकाचा खरा अर्थ, जो ‘अधिक क’ असे यांत्रिकपणे लिहिणाऱ्यास आयुष्यभर कळत नाही, तो येथे कळतो.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅट-जीपीटी लोकांसमोर आल्यानंतर या प्रश्नाला नवे वळण मिळाले. वुल्फ्रम-अल्फा उत्तर देते. ही नवी यंत्रे सिद्धतेची भाषाही लिहितात, तीही अत्यंत आत्मविश्वासाने. अशा लेखनात एखादी पायरी निसटलेली असली तरी वाक्यरचना निर्दोष असल्यामुळे ती झाकली जाते. येथेही एक विधायक उपयोग संभवतो. अशी एखादी सदोष सिद्धता विद्यार्थ्यांना द्यावी आणि ‘पहिली चुकीची ओळ शोधा व ती का चुकीची आहे ते लिहा’ असा स्वाध्याय द्यावा. सिद्धता वाचण्याची सवय आपल्या पदवी अभ्यासक्रमात फार उपेक्षित राहिली आहे. पाठांतराच्या बळावर ती लिहिता येते, परंतु परक्याची सिद्धता तपासता येत नाही.

श्रेणींचा कोश आणि देवळालीचे शिक्षक

वरील साधनांच्या तुलनेत ओईआयएस, अर्थात पूर्णांक-श्रेणींचा ऑनलाइन विश्वकोश, दिसावयास अगदी साधा आहे. नील स्लोन यांनी १९६४ मध्ये विद्यार्थिदशेत श्रेणी जमवण्यास सुरुवात केली. १९७३ मध्ये त्याचे पुस्तक झाले आणि १९९६ मध्ये तो आंतरजालावर आला. आज त्यात साडेतीन लाखांहून अधिक श्रेणी आहेत. आकडे भरावेत आणि ही श्रेणी कोठे कोठे आढळते ते पाहावे, इतकाच त्याचा व्यवहार.

या साधेपणातच त्याचे शैक्षणिक मूल्य आहे. १, २, ४, ८, १६ असे आकडे दिल्यास केवळ २ चे घात येत नाहीत, इतर श्रेणीही येतात. वर्तुळावर बिंदू घेऊन ते जीवांनी जोडले असता वर्तुळाचे जास्तीत जास्त किती भाग होतात, त्याची श्रेणीही अशीच सुरू होते आणि सहाव्या पदाला ३२ ऐवजी ३१ येतात. स्पर्धापरीक्षांतील ‘पुढील पद ओळखा’ या प्रश्नप्रकाराची मर्यादा याहून स्पष्टपणे दाखवता येणार नाही. येथे साधन अनेक उत्तरे देते आणि निवड विद्यार्थ्यावर सोपवते. तिन्ही साधनांत दुर्मिळ असलेला गुण तो हाच.

महाराष्ट्रातील अध्यापकांस या कोशाविषयी आणखी एक जिव्हाळा वाटावा असे कारण आहे. देवळाली येथे १९३० ते १९६२ या काळात शाळेत शिकवणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांच्या नावाच्या संख्या त्यात नोंदलेल्या आहेत. ४५ चा वर्ग २०२५. २० आणि २५ यांची बेरीज पुन्हा ४५. २९७ चा वर्ग ८८२०९. ८८ आणि २०९ यांची बेरीज २९७. त्यांचा ६१७४ हा स्थिरांक तर प्रसिद्धच आहे. ३५२४ हे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी केली तर ५४३२ – २३४५ = ३०८७, मग ८७३० – ०३७८ = ८३५२ आणि मग ८५३२ – २३५८ = ६१७४. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घेतली तरी अधिकाधिक सात पायऱ्यांत आपण येथेच पोहोचतो. हे काम स्प्रेडशीटमध्ये सर्व संख्यांसाठी पडताळता येते आणि ‘सर्व प्रकरणे तपासणे हीदेखील सिद्धता असू शकते काय?’ असा गंभीर प्रश्न त्यातून उभा राहतो. प्रकरणे मर्यादित असतील तर होय. चौकोन अनंत असतात, म्हणून तेथे नाही.

कापरेकरांचे चरित्र स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज विद्यापीठाच्या मॅकट्यूटर या गणितेतिहासाच्या संकेतस्थळावर इंग्रजीत उपलब्ध आहे. ओ'कॉनर आणि रॉबर्टसन यांनी उभारलेल्या या संकेतस्थळावर हजारो गणितज्ञांची चरित्रे आहेत. ते दुय्यम साधन आहे हे ध्यानात ठेवून वापरल्यास त्याची उपयुक्तता निर्विवाद आहे. मात्र नाशिकजवळच्या एका शिक्षकाची ओळख नाशिकच्याच विद्यार्थ्याला स्कॉटलंडमार्गे व्हावी, ही वस्तुस्थिती आपल्याला अंतर्मुख करणारी आहे.

भाषेचा प्रश्न

येथून आपण तिसऱ्या निकषाकडे येतो. बारावीपर्यंत मराठीतून शिकलेला विद्यार्थी पदवीला आला की त्याच्यासमोर दोन परक्या भाषा एकदम उभ्या राहतात : इंग्रजी आणि उच्च गणिताची अमूर्त भाषा. २००३ मध्ये आयआयटी व भारतीय विज्ञान संस्था यांनी सुरू केलेल्या एनपीटीईएलची व्याख्याने आणि २०१७ पासूनचे स्वयम् हे व्यासपीठ यांचा दर्जा चांगला असला, तरी ही व्याख्याने मुख्यतः इंग्रजीत असल्यामुळे या विद्यार्थ्यापर्यंत ती पूर्णपणे पोहोचत नाहीत.

यंत्राने केलेले भाषांतर येथे तारून नेईल असे अनेकांस वाटते. गणिताच्या बाबतीत ही आशा सावधगिरीने बाळगावी. ‘फंक्शन’चे फल न होता कार्य झाले, ‘पॉवर’चा घात न होता शक्ती झाली, ‘रिंग’ची थेट अंगठी झाली, तर वाक्य मराठी राहते पण गणित उरत नाही. आपल्याकडेही एकवाक्यता नाही. डिफरन्शिएशनला कोणी विकलन म्हणतो, कोणी अवकलन. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश ग्रंथालयात धूळ खात राहिले, तर यंत्राने योग्य शब्द कोठून शिकावेत?

या संदर्भात आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचा आदर्श विचारात घेण्याजोगा आहे. संगणकप्रणालींवरील सुमारे दहा मिनिटांचे छोटे पाठ, ऐकता ऐकता स्वतः करून पाहण्याची पद्धत आणि तेच पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत ध्वनिमुद्रित करणे ही त्याची रचना आहे. भाषांतर माणसांनी केलेले आहे, हे येथे महत्त्वाचे. मराठीत गणित टंकित करणेही आता अशक्य राहिलेले नाही. २००४ मध्ये आलेल्या झीटेक्‌मुळे देवनागरी मजकूर आणि सूत्रे एकाच पानावर सुबकपणे छापता येतात. उणीव साधनाची नाही, लिहिणाऱ्या हातांची आहे.

टिकाऊपणा आणि स्वामित्व

आंतरजालावरील साधने कायमची असतात असा आपला समज आहे. अलेक्झांडर बोगोमोल्नी यांनी १९९६ मध्ये ‘कट द नॉट’ हे संकेतस्थळ सुरू केले आणि २०१८ मध्ये निधन होईपर्यंत ते वाढवत नेले. त्यातील हलत्या आकृत्या जावा ॲप्लेटच्या स्वरूपात होत्या. पुढे न्याहाळकांनी ॲप्लेट चालवणे बंद केले आणि त्या आकृत्या थांबल्या. २०२० च्या अखेरीस फ्लॅशचा आधार काढून घेतला गेला तेव्हा अनेक शैक्षणिक संकेतस्थळांवरील पाठ असेच निर्जीव झाले. यातून एक बोध घेण्यासारखा आहे. बोगोमोल्नी यांनी शब्दांत लिहिलेल्या सिद्धता वाचनीय राहिल्या. थांबले ते फक्त हलणारे भाग.

स्वामित्वाचा प्रश्न याच्याशी निगडित आहे. डिसेंबर २०२१ मध्ये जिओजेब्रा बायजूस या भारतीय कंपनीने विकत घेतली आणि जुलै २०२४ मध्ये त्या कंपनीविरुद्ध दिवाळखोरीची प्रक्रिया दाखल करून घेण्यात आली. २०२२ मध्ये डेसमॉसचे विभाजन होऊन पाठ्यक्रम ॲम्प्लिफाय या कंपनीकडे गेला व आलेखाचे साधन स्वतंत्र संस्थेकडे राहिले. दोन्ही घटनांनंतर साधनांचा विनाशुल्क वापर चालू राहिला, ही समाधानाची बाब आहे. परंतु विनाशुल्क असणे आणि आपले असणे यांत भेद आहे. विल्यम स्टाइन यांनी २००५ मध्ये सुरू केलेली सेजमॅथ ही प्रणाली मुक्तस्रोत आहे. शिकण्यास ती अवघड असली तरी तिची प्रत कोणीही जपून ठेवू शकतो. महाविद्यालयाने निदान एक असे साधन अंगीकारावे ज्याचा विक्रीव्यवहार परदेशी किंवा देशी बाजारात होऊ शकत नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनातून तीन गोष्टी हाती लागतात. एक, साधनाचा दर्जा त्याने काय दाखवले यापेक्षा त्याने काय शिल्लक ठेवले यावर ठरतो. म्हणून एका सत्रात पाच साधनांची ओळख करून देण्यापेक्षा एकाच साधनावर आधारित, भाकितापासून सिद्धतेपर्यंत जाणारे चार-पाच स्वाध्याय तयार करणे अधिक श्रेयस्कर. दोन, अंतर्गत मूल्यमापनातील प्रश्नांचे स्वरूप बदलले नाही तर कोणतेही साधन अध्यापन सुधारू शकणार नाही. तीन, प्रत्येक गणित विभागाने आपले स्वाध्याय मराठीत, परिभाषा कोशाशी पडताळून, साध्या मजकुराच्या स्वरूपात जतन करावेत. प्रणाली बदलतील, कंपन्या विकल्या जातील. नीट लिहिलेला प्रश्न टिकेल.

ज्या विद्यार्थ्याने “मग सिद्ध कशाला करायचं?” असे विचारले होते, त्याला त्या तासाला कर्ण काढून दाखवला नाही, तो घरून काढून आणण्यास सांगितले. दुसऱ्या दिवशी त्याने वहीत कर्ण काढून आणला होता, आणि शेजारी स्वतःहून लिहिले होते की चौकोनाचे दोन्ही कर्ण समान असतील तर मध्यबिंदूंचा समभुज चौकोन होईल. हे विधान खरे आहे आणि पडद्यावर ते कोणी दाखवलेले नव्हते. साधनांच्या उपयुक्ततेचे याहून वेगळे प्रमाणपत्र गणिताच्या अध्यापकास हवे असेल असे वाटत नाही.